सातव्या ओळीतलं उणे

एप्रिल लागला की भूगावातल्या आमच्या इमारतीत घरोघरी परीक्षा शिरते. टीव्हीचे आवाज खाली येतात. जिन्यात भेटणाऱ्या आया एकमेकींना 'किती राहिले?' एवढंच विचारतात, आणि त्या पेपरांबद्दलच बोलताहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. माझी नात सना बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अर्थशास्त्र घेऊन. ती गॅलरीत बसून अभ्यास करते, म्हणजे फोनकडे बघते आणि मधूनमधून पुस्तकावर उपकार करते. समोर नव्या इमारतीचा सांगाडा उभा राहतोय. त्याची सिमेंटची धूळ दुपारभर आमच्या पडद्यांवर बसत असते.

परवा तिनं तिथूनच विचारलं, "नाना, आउटलायर म्हणजे बाकीच्यांच्या रांगेत न बसणारा आकडा ना? मग तो काढून टाकायचा की ठेवायचा?"

"तुमचे सर काय म्हणतात?"

"सर म्हणतात, आधी चूक झालीय का ते बघा."

"बरोबर सांगतात," मी म्हणालो. तिचं समाधान झालं आणि ती पुन्हा फोनमध्ये शिरली. मी मात्र हातातलं वर्तमानपत्र तसंच धरून बसलो. हाच प्रश्न चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी मला चारचौघांत विचारला होता, आणि मी श्वासही न घेता उत्तर दिलं होतं.

तो उन्हाळा मला जवळजवळ दिवसागणिक आठवतो. पण आठवताना काही होत नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपल्याच गालाला हात लावावा आणि तो दुसऱ्या कुणाचा वाटावा, तसं काहीसं आहे. सुईचा असर दोन तासांत उतरतो म्हणतात. माझ्या बाबतीत डॉक्टरांचा हिशेब चुकला असावा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही पौडला राहायचो. आमच्या मुळशीत उन्हाळ्यात राब भाजतात. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि गवत पसरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं. ते भडकत नाही, नुसतं धुमसत राहतं. त्या धुराला गोडसर जळका वास असतो आणि तो कपड्यांत, उशीत, वहीच्या पानांत जाऊन बसतो. माझ्या एम. ए.च्या सगळ्या नोट्सना तो वास होता. पुण्याच्या मुलांना मी नोट्स दिल्या की ती आधी हुंगायची आणि मग हसायची.

माझे अब्बा जनावरांच्या बाजारात दलाल होते. नाव इमाम, पण अख्खं खोरं त्यांना इमामभाई म्हणे. चौथीपर्यंत शिकलेले, अंगानं सडपातळ, आवाज कधी चढायचा नाही. बाजारच्या दिवशी ओढ्यापलीकडच्या माळावर बैल, शेळ्या, मेंढ्या भरत. अब्बा खांद्यावर चौकड्याचा मोठा रुमाल टाकून जायचे. तो रुमाल म्हणजेच त्यांचं दुकान होतं.

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं कधीच होत नसे. दलाल विकणाऱ्याचा हात आपल्या हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. दोन बोटं धरली की दोन, चार धरली की चार. शेकडा धरायचा की दहा, ते एका शब्दात ओठातल्या ओठात सांगायचं. विकणारा होकाराची मान डोलवायचा, किंवा हात काढून घ्यायचा. मग तोच रुमाल घेऊन दलाल घेणाऱ्याकडं जायचा. घेणाऱ्यानं किती दिले आणि विकणाऱ्याला किती मिळाले, हे दोन्ही एकट्या दलालाला ठाऊक. मधला फरक ही त्याची दलाली. बाजारात शंभर माणसं उभी असली तरी भाव तिसऱ्याच्या कानावर जायचा नाही. कुणी विचारायचंही नाही. शेजाऱ्याच्या घरात आज काय शिजलंय हे एक वेळ लोक विचारतील, बैल कितीला दिला हे नाही.

आणि मी विद्यापीठात काय शिकत होतो, तर पूर्ण स्पर्धा. बाजारात सर्वांना सर्व माहिती असते, म्हणून एका वस्तूचा एकच भाव असतो. आमचे सर फार चांगले शिकवत. एकदा त्यांनी फळ्यावर डावीकडं शेतकरी काढला, उजवीकडं ग्राहक काढला, आणि मधे एक मोठा गोल काढून त्याला पोट काढलं. "हा मध्यस्थ," सर म्हणाले. वर्ग हसला, मीही हसलो. माझा बाप हा तो गोल आहे, हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. वडील काय करतात असं कुणी विचारलं तर शेती म्हणायचो. आमची शेती म्हणजे घरामागचं शेवग्याचं झाड.

शेवटच्या वर्षी एका प्रश्नपत्रिकेऐवजी लघुप्रबंध लिहिता येत असे. विषय सुचेना, तेव्हा मी घाबरत सरांना खरं सांगितलं. मला वाटलं होतं ते नाक मुरडतील. ते खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, रुमालाखालचा भाव? आजवर बाहेरच्या कुणाला तो मिळालेला नाही. तुला आतून मिळेल. दलाल किती ठेवतो ते आकड्यांत मांड." त्या दिवशी पौडच्या एस.टी.त उभ्यानं येताना माझ्या मनात एकच होतं. आकडे मांडायचे, आणि अब्बा लुबाडत नाहीत हे त्या गोलाला पोट काढणाऱ्यांना दाखवायचं.

माघ-फाल्गुनात मी बाजार फिरलो. विकणाऱ्याला गाठायचं, नंतर घेणाऱ्याला गाठायचं, आणि दोघांचे आकडे समोरासमोर लिहायचे. लोकांनी सांगितलं. मला तेव्हा वाटलं की माझी प्रश्नावली चांगली आहे. तसं काही नव्हतं. इमामभाईचा पोरगा म्हणजे रुमालाच्या आतलाच, असं ते धरून चालले होते. एकट्या अब्बांना मी काही विचारलं नाही. मध्यस्थाकडून मिळालेली माहिती विश्वसनीय नसते, असं पुस्तकात दिलं होतं.

माणसांची नावं गुप्त ठेवायची हे सरांनी बजावून सांगितलं होतं. मी काटेकोरपणे नावं गाळली आणि तिथं 'विक्रेता क्रमांक एक', 'विक्रेता क्रमांक दोन' असं लिहिलं. भाव कशाचा, हे कळायला हवं म्हणून पुढच्या रकान्यात जनावराचं वर्णन टाकलं. रंग, दात, शिंगं, खोड. किती व्यवस्थित काम केलं होतं मी. आमच्या खोऱ्यात एखाद्या माणसाचं आडनाव सांगितलं तर लोक दोन मिनिटं विचार करतात. बैलाचं शिंग सांगितलं की घर, दार, सोयरीक सगळं सांगतात. मी माणसं झाकली होती आणि बैल उघडे ठेवले होते.

सातव्या ओळीत होती सगुणाबाई. अर्थात माझ्या तक्त्यात 'विक्रेता क्रमांक सात'. वरच्या अंगाच्या वाडीतली धनगराची बाई, शेळ्या-मेंढ्या राखून थोडा भातही करायची. नवरा आदल्या पावसाळ्यात गेला. बैल एकच राहिला होता, आणि एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून ती तो विकायला घेऊन आली. कोसा रंगाचा बैल, सहा दाती, कामाला गरीब, डावं शिंग अर्ध्यावर मोडलेलं. बाजारात बाया येत, पण रुमालाखाली हात बाई घालत नसे. तिच्या वतीनं दीर किंवा भाऊ उभा राही. सगुणाबाई एकटीच आली आणि अब्बांपुढं आपला हात करून उभी राहिली.

"तुजा दीर कुटाय?" अब्बांनी विचारलं.

"बैल माजा हाय," ती म्हणाली. "दीर कशाला?"

लोक बघत होते. परक्या बाईचा हात हातात घ्यायचा कसा, हा अब्बांपुढं पेच होता. मग त्यांनी रुमाल वर न टाकता आपल्याच हाताला गुंडाळला आणि गुंडाळलेला हात पुढं केला. सगुणाबाईनं कापडावरून बोटं चाचपली आणि धरली. अब्बांनी नाही म्हणून मान हलवली नाही. तिनं आणखी एक बोट धरलं. अब्बा म्हणाले, "बरं." मी तिथं वही घेऊन उभा होतो. तिचा चेहरा मला अजून दिसतो. उन्हानं रापलेला, घामेजलेला, आणि काहीतरी जिंकून आलेला.

मी विचारलं तेव्हा तिनं आकडा आढेवेढे न घेता सांगितला. वर म्हणाली, "लिव. माजी बोटं मी धरली, माजा भाव मी केला. मोडक्या शिंगाला एवढा कुनाला गावतोय?"

बैल मुठा खोऱ्यातल्या एकानं घेतला होता. आठवड्यानं तो भेटला, त्यानंही आपला आकडा सांगितला. घरी येऊन मी वजाबाकी केली. पुन्हा केली. सगुणाबाईला मिळाले होते ते घेणाऱ्यानं दिले त्याहून चाळीस रुपये जास्त. दलालीच्या रकान्यात मी लिहिलं, उणे चाळीस. अब्बांनी खिशातून घातले होते. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतर ओळींत दलाली थोडी-थोडकीच होती, पण ही ओळ म्हणजे सोनं होतं. फळ्यावरच्या गोलाचं पोट या एका ओळीनं सपाट होणार होतं.

सरांची एक चांगली रीत होती. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती आधी वाचून दाखवायची, म्हणजे चुका त्यांनीच काढाव्यात. होळी होऊन गेल्यावर एका बाजारच्या दिवशी ते चार-पाच विद्यार्थ्यांना घेऊन एस.टी.नं पौडला आले. शाळेची एक खोली मागून घेतली होती. चहा मिळणार म्हणून माणसं जमली, उरलेली माझ्याबद्दलच्या कौतुकानं आली. अब्बा मागं भिंतीला टेकून उभे होते. धुतलेला सदरा, खांद्यावर रुमाल. दाराशी सगुणाबाई बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, इमामभाईच्या पोरानं बाजारावर लिवलंय, त्यात तुजा बैल बी हाय. ती शेळ्या दुसऱ्या बाईवर सोपवून ऐकायला आली होती.

मी वाचायला लागलो. पहिली ओळ तशीच गेली. दुसऱ्या ओळीला "बांडा बैल, पाठीवर भोवरा" म्हणताच चार माना एकाच माणसाकडं वळल्या. तो जमिनीकडं बघायला लागला. तिसऱ्या ओळीला कुणीतरी खोकलं. मी वाचत राहिलो. मला वाटलं, लोक एकाग्र झालेत.

"विक्रेता क्रमांक सात. कोसा, सहा दाती, डावं शिंग अर्धं." मग मिळालेला भाव, मग दिलेला भाव. आणि मी ठासून वाचलं, "दलाली, उणे चाळीस."

सरांनी हात वर केला. "थांब. उणे कशी असेल दलाली? चूक झाली असेल. बघ पुन्हा."

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. अब्बाही बघत होते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, अगदी थोडी, रुमालाखाली सौदा मोडताना हलवायचे तेवढीच. मी ती पाहिली. त्यांचा भिडस्त स्वभाव आहे, स्वतःचा मोठेपणा त्यांना नको आहे, असा अर्थ मी काढला. बापाच्या या भिडस्तपणावर मात करायची हीच वेळ, असंही वाटलं.

"चूक नाही, सर," मी म्हणालो. "मी दोघांनाही स्वतः विचारलंय. बाईला जास्त दिलेत. वरचे चाळीस माझ्या वडिलांनी स्वतःचे घातलेत."

पुण्याची मुलं कौतुकानं हसली. बाकी कुणी हसलं नाही. मुठ्याचा तो घेणारा खिडकीशी होता, तो म्हणाला, "म्हंजी इमामभाई, एकाला वरून देतूस तर दुसऱ्याचं काढत बी असशील. माज्या मागल्या जोडीच्या टायमाला काय केलंस?" मग दुसरा बोलला, मग तिसरा. कुणाचा आवाज मोठा नव्हता. सर मधे पडून 'सरासरी' हा शब्द समजावून सांगायला लागले.

सगुणाबाई उठली. ती अब्बांपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इमामभाई, मला भीक घातली व्हय?"

अब्बा म्हणाले, "न्हाई बाई."

"मंग ह्यो पोरगा काय वाचतुया?"

उत्तर माझ्याकडं होतं, 'माझी चूक झाली' एवढं तीन शब्दांचं, आणि ते अजूनही देता आलं असतं. मी हातातला कागद सरळ करत राहिलो. आठव्या ओळीपासून पुढं वाचल्याचं मला आठवतं. शेवटपर्यंत वाचलं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "मला वाटलं, लोकांना कळावं तुम्ही कसे आहात." ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "शिंग मोडलं म्हून बैल लंगडा हुत न्हाई. तेवढ्याचा हुताच त्यो. घेनाऱ्यानं दिलं न्हाई, त्येला आमी काय करनार?" त्यांच्या लेखी ते दानधर्म नव्हतंच. बैलाचा बरोबर भाव होता, फक्त तो एका माणसाकडून पुरा आला नव्हता. माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता. विद्यापीठाच्या ग्रंथालयातही नसावा.

पुढच्या बाजारी अब्बा खांद्यावर रुमाल टाकून गेले. लोकांनी रामराम केला, तंबाखू दिली, पोराच्या परीक्षेची चौकशी केली. हात मात्र कुणी रुमालाखाली घातला नाही. आत काय होतं ते आता बाहेर येतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच्या पुढच्या बाजारी तेच. तिसऱ्या बाजारी ते गेले नाहीत. माझ्या काकांचं किराण्याचं दुकान होतं, तिथं ते पुड्या बांधायला बसू लागले. पुड्या फार सुबक बांधायचे.

त्याच आठवड्यात सगुणाबाई आमच्या दारात आली. दाव्याला एक काळी पाठ होती, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. तिनं ती आमच्या शेवग्याला बांधली. अम्मा पाणी घेऊन पुढं झाली, ते तिनं घेतलं नाही. "फिटलं," म्हणाली आणि वळली. मला वाटलं अब्बा हाक मारतील, शेळी परत घे म्हणतील. ते उंबऱ्यात उभे राहून ती जाईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी शेळीला पाणी दाखवलं. ती परत केली असती तर तीही पुन्हा भीकच झाली असती, हे मला फार उशिरा समजलं.

त्या शेळीच्या ओरडण्यात मी एम. ए.चा अभ्यास केला. राबाचा धूर खिडकीतून यायचा. करवंदं पिकायला लागली होती, अम्मा पानांच्या द्रोणात आणून ठेवायची, ती तशीच सुकायची. मागणीचा सिद्धांत, गुणक, व्यापारचक्र. मी वाचायचो आणि सगळं लक्षात राहायचं. इतकं चांगलं मला त्याआधी आणि त्यानंतर कधी पाठ झालं नाही. मनात दुसरं काही चालूच नव्हतं. भूक लागायची नाही, झोप नीट लागायची. एस.टी.तून पेपरला जाताना मुलं घामाघूम होऊन पानं उलटायची, आणि मी बाहेर बघत बसायचो. पेपर सोपे गेले. तोंडी परीक्षेत सातव्या ओळीबद्दल विचारलं, मी म्हणालो, "अनार्थिक प्रेरणा." परीक्षकांनी मान डोलावली. पुढं निकाल लागला तेव्हा पहिला वर्ग मिळाला आणि अम्मानं साखर वाटली. मीही एक चिमूट तोंडात टाकली. गोड होती.

आमच्या वर्गातले बहुतेक जण बँकेत गेले. त्या काळी अर्थशास्त्राचं दुसरं नाव बँक असावं असं वाटायचं. एकजण प्राध्यापक झाला आणि वर्षानुवर्षं फळ्यावर तोच गोल काढत राहिला. एक हुशार मुलगी दिल्लीला गेली, तिचं नाव पुढं वर्तमानपत्रात यायचं. मी आयुष्यभर भाव गोळा केले. सरकारचं खातं, हातात छापील तक्ता, दर आठवड्याला ठरलेल्या दुकानांत जाऊन तांदूळ, गोडेतेल, साबण, काडेपेटी यांचे भाव लिहायचे. दुकानदार विचारायचे, "खरा सांगू, का तुमच्या फारमातला?" मी जो सांगतील तो लिहायचो. एखादा आकडा रांगेबाहेर गेला की वरून शेरा यायचा, पडताळून पाहा. बाकीचे लोक पुन्हा दुकानात जायचे. मी जागेवर बसूनच लिहायचो, 'नजरचूक. दुरुस्त केले.' मला पेन्शन नियमित मिळते.

सनाला यातलं काही ठाऊक नाही. 'नानांनी तीसेक वर्षं मार्केट रिसर्च केला' असं ती मैत्रिणींना सांगते. माळावरचा बाजार कधीच उठला, तिथं आता प्लॉट पाडलेत. परवा तिच्या प्रश्नानंतर मला आठवली ती नोकरीच्या मुलाखतीची दुपार. ती उन्हाळ्याच्या टोकाची, मृगाच्या थोडी आधीची. ढग येऊन नुसते थांबलेले होते.

पुण्यातली एक सरकारी कचेरी. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. काही लिहिलेलं असेल तर आणा असं पत्रात होतं. लघुप्रबंधाची मूळ प्रत विद्यापीठात जमा होती, म्हणून मी घरी ठेवलेली कार्बनची प्रत नेली होती. ती प्रत गेले दोन महिने अब्बांच्या गादीजवळ असायची. दुकानातून आले की ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत. मला ते बघवत नसे, म्हणून मी तिकडं जात नसे.

साहेब थेट तक्त्यावर आले. पेन्सिलीनं रकाना वरपासून खालपर्यंत मोजला, पुन्हा मोजला. "तुमची एकूण दलालीची बेरीज चुकतेय," ते म्हणाले. "ऐंशीचा फरक येतोय."

मी वाकून पाहिलं. सातव्या ओळीतल्या चाळिसाच्या आधी कार्बनची निळी आडवी रेघ होती. तिच्यावर कुणीतरी काळ्या बॉलपेननं एक उभी रेघ ओढली होती. जोर देऊन ओढलेली, पानाच्या मागच्या बाजूला तिचा वळ उठला होता. उण्याचं अधिक झालं होतं. आता सगुणाबाईला जास्त मिळालेच नव्हते. दलालानं नेहमीसारखी दलाली घेतली होती, कुणी कुणाला भीक घातली नव्हती. खालची बेरीज बदलायची असते हे चौथी शिकलेल्या माणसाला सुचलं नव्हतं.

होळीपासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. लाज वाटली. कानापासून गळ्यापर्यंत गरम झालं. त्यानंतर इतकं स्वच्छ काही वाटल्याचं मला आठवत नाही.

"काय झालंय हे?" साहेबांनी विचारलं.

"चूक झाली, साहेब."

"कुणाची?"

"माझी."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडं पाहिलं. "इथं येणारा प्रत्येकजण आपलाच आकडा खरा म्हणून भांडतो," ते म्हणाले. "आम्हाला चूक कबूल करणारी माणसं लागतात." त्या वाक्यावर मला नोकरी मिळाली.

संध्याकाळच्या आत घरी पोचलो. अब्बा शेवग्याखाली बसून काळ्या शेळीला पाला घालत होते. मी समोर उभा राहिलो.

"काय इचारलं?" ते म्हणाले.

"सातव्या ओळीचं."

त्यांचा हात थांबला. "मंग?"

"चूक झाली म्हणालो."

शेळीनं त्यांच्या हातातली डहाळी ओढून घेतली. त्यांनी ती ओढू दिली, हात झटकले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय. तवाच म्हनायचं हुतं."